खाडीपलीकडची एसटी : मुंबई ते मालवण, किनाऱ्याने आणि कमी खर्चात

प्रश्न असा आहे : दोघा जणांना स्वतःचे वाहन न घेता, दहा-अकरा दिवसांत, मुंबईहून मालवणपर्यंत शक्यतो समुद्राच्या काठाकाठाने आणि वाटेतले जलदुर्ग पाहत जायचे आहे. खर्च कमीत कमी ठेवायचा आहे. नकाशावर सलग रस्ता दिसतो, पण गाड्यांचे वेळापत्रक जुळवू गेल्यास काहीच जुळत नाही. अशा वेळी नियोजन कसे करावे?

गेली वीस-बावीस वर्षे मी महाविद्यालयीन मुलांचे लहान गट घेऊन हा किनारा एसटी, फेरीबोट आणि होड्या यांच्या आधाराने तुकड्यातुकड्यांनी अनेकदा पार केला आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की वेळापत्रक जुळत नाही यात आपली चूक नाही. कोकणातली एसटी मुळात किनाऱ्याला समांतर धावण्यासाठी आखलेलीच नाही. गावातला माणूस तालुक्याला, तालुक्याचा माणूस जिल्ह्याला आणि सगळेच मुंबईला जातात, म्हणून गाड्यांच्या फेऱ्या पूर्व-पश्चिम, म्हणजे बंदरापासून घाटाच्या दिशेने जातात. आपल्याला मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे आहे आणि त्या दिशेला दर तीस-चाळीस किलोमीटरवर एक खाडी आडवी येते : कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. त्यामुळे या प्रवासाचा हिशेब किलोमीटरमध्ये न करता खाड्यांमध्ये करावा. एका दिवसात एक खाडी ओलांडली की तो दिवस भरला असे समजावे. दोन ओलांडण्याचा हट्ट धरणारा प्रवासी संध्याकाळी कुठल्या तरी धक्क्यावर रिक्षावाल्याच्या मर्जीवर उभा असतो, आणि सगळ्या प्रवासात वाचवलेले पैसे त्या एका रिक्षात जातात.

हे मी स्वतः भोगलेले आहे. एकदा गुहागरहून निघून तवसाळच्या धक्क्यावर पोहोचायला आम्हाला उशीर झाला. फेरीबोट मात्र वेळेवर मिळाली आणि आम्ही सात जण मोठ्या आनंदाने शास्त्री खाडी ओलांडून जयगडला उतरलो. तिथे कळले की गणपतीपुळ्याकडे जाणारी शेवटची एसटी अर्ध्या तासापूर्वी निघून गेली होती. बोट रात्रीपर्यंत चालते म्हणून पुढचा रस्ताही रात्रीपर्यंत चालतो, असे मी गृहीत धरले होते. तेव्हापासून खाडीच्या अलीकडच्या काठावरच बोटीच्या तिकीटवाल्याला पहिला प्रश्न विचारतो : पलीकडे एसटी कितीला आहे? बोट कितीला आहे हा दुसरा प्रश्न. बोट मिळतेच.

आता वाटेकडे वळतो. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणारी लाँच हा सर्वांत स्वस्त नसला तरी सर्वांत शहाणपणाचा आरंभ आहे, कारण तासाभरात आपण रायगड जिल्ह्यात उतरतो आणि मांडव्याहून अलिबागपर्यंतच्या बसचे पैसे बहुतेक लाँचच्या तिकिटातच धरलेले असतात. पनवेल-पेणमार्गे एसटीने गेल्यास थोडे पैसे वाचतात, पण अर्धा दिवस खर्ची पडतो. हाताशी अर्धा दिवस जास्त असेल तर त्याच गेटवेवरून आदल्या दिवशी घारापुरी पाहून यावे, मात्र सोमवारी तिथली लेणी बंद असतात.

अलिबागचा कुलाबा किल्ला हा या किनाऱ्यावरचा असा जलदुर्ग आहे, जिथे जाण्यासाठी ओहोटीला होडीचे पैसे लागत नाहीत. वाळूतून चालत जाता येते, फक्त वेळ साधावी लागते. त्यासाठी कोळी लोकांचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. पंधरवड्यातल्या तिथीला तिनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ येते, आणि तिच्या सहा तास आधी किंवा नंतर पूर्ण ओहोटी असते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी नवाच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकावरून किंवा मोबाइलवरून ताडून पाहावी. हिशेबात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जसे खूप चढते तसेच खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा ओहोटीलाही पाणी पुरते हटत नाही आणि गुडघाभर पाण्यातून जावे लागू शकते. म्हणून कुलाब्यासाठी मी कोणत्याही पंधरवड्यातली तृतीया ते पंचमी निवडतो. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी मिळते, ऊन चढलेले नसते आणि उतरलेले पाणी पुरेसे उतरलेले असते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि पाणी फिरल्यावर रेंगाळू नये. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आणि गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. ती पाहण्यात माणूस रमतो आणि मग परतताना होडीवाल्याला हाक मारावी लागते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. शहरात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. तिथे जायला तिकीट नाही आणि भरती-ओहोटीचा प्रश्नही नाही.

थळच्या किनाऱ्यावरून दिसणारे खांदेरी आणि उंदेरी हे जोडबेट मात्र दोघांच्या खिशाला परवडत नाही, कारण तिथे नियमित फेरी नसून सबंध होडी ठरवावी लागते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईकर इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून खांदेरी उभारायला घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरी आहे, आणि याच किनाऱ्यावरचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हेही आहेत. दहा जणांचा गट जमला तर खांदेरी जरूर करावा, अन्यथा थळच्या वाळूवर बसून पाहावा आणि पुढे निघावे.

अलिबागहून मुरूडची एसटी रेवदंडा, कोर्लई, काशीद, नांदगाव अशी जवळजवळ सबंध वाट समुद्राच्या संगतीने जाते. उजव्या हाताची खिडकी धरावी. रेवदंड्याला उतरायची इच्छा झाली तर जरूर उतरावे. शेजारच्या चौलला पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला, विकायला आणलेला एक घोडा घेऊन बीदरपर्यंत गेला आणि शेवटी दाभोळहून परतीच्या जहाजावर चढला. या किनाऱ्याचा काटकसरी प्रवासी म्हणून मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी आहे. पलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजांच्या राजवटीतून उरलेली एक मिश्र बोली आजही घराघरांत बोलली जाते. फाटकावरच्या आजीबाईंशी मराठीत बोलता बोलता ती आपल्या कानावर पडते.

मुरूडला दोन रात्री राहावे असे मी सुचवेन. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. माणशी तिकीट असते, होडी भरली की सुटते आणि किल्ल्यात साधारण पाऊण तास देऊन परत आणते. पाऊण तासात जंजिरा होत नाही. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव आणि तटावरून दिसणारा पद्मदुर्ग एवढेच पाहायचे तरी धावपळ होते. त्यावर उपाय असा की सकाळच्या पहिल्या होडीने जावे आणि चढतानाच तांडेलाला विचारून ठेवावे की आम्ही पुढच्या खेपेला आलो तर चालेल का. गर्दी नसेल तर तो सहसा नाही म्हणत नाही. शनिवार-रविवारी हे जमत नाही, आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत होड्या थांबतात, हे लक्षात ठेवावे. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून वाट करण्याचा प्रयत्न केला, तरीही हा किल्ला सिद्दीकडेच राहिला आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राहिला, हे होडीतून तटाकडे पाहताना आपोआप पटते, कारण दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही.

मुरूडजवळच्या आगरदांड्याहून दिघीला गाड्या वाहून नेणारी फेरीबोट आहे. स्थानिक लोक तिला जंगलजेटी म्हणतात. दाभोळ-धोपावे, बागमांडला-वेश्वी आणि तवसाळ-जयगड इथेही तशाच बोटी आहेत. पायी माणसाचे तिकीट एक-दोन वडापावांच्या किमतीत बसते आणि बोटीच्या वरच्या कट्ट्यावर बसून जे दिसते त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. दिघीहून बोर्ली पंचतनमार्गे श्रीवर्धनची एसटी मिळते, आणि ती चुकली तर सहा आसनी रिक्षा भरून जातात. श्रीवर्धन हे आगाराचे गाव आहे. या प्रवासात मुक्काम शक्यतो आगाराच्या गावी करावा असा माझा आग्रह असतो : अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण. दिवेआगर किंवा हरिहरेश्वर अधिक देखणे असेल, पण आगाराच्या गावातून सकाळी सहापासून गाड्या सुटतात, रात्री उशिरा पोहोचले तरी खानावळ उघडी असते आणि एक गाडी रद्द झाली तरी दुसरी वाट सापडते.

ज्यांना लहान गावातच राहायचे आहे त्यांनी वस्तीच्या गाडीची माहिती काढून ठेवावी. संध्याकाळी आगारातून सुटून शेवटच्या गावी मुक्कामाला थांबणारी आणि भल्या पहाटे परत निघणारी ही गाडी म्हणजे कोकणातल्या प्रवासाचा कणा आहे. दिवसभरातली कोणतीही फेरी रद्द होईल, पण वस्तीची गाडी सहसा होत नाही, कारण वाहक-चालक त्याच गावात झोपलेले असतात. याच्या उलट शाळेच्या वेळेला धरून चालणाऱ्या फेऱ्या रविवारी, सणाला आणि सुट्टीत बंद असतात. फलकावर वेळ लिहिलेली असते, पण गाडी येत नाही. म्हणून फलक वाचण्यापेक्षा नियंत्रण कक्षाच्या खिडकीशी जाऊन ‘आज आहे का?’ असे विचारावे. त्या प्रश्नातला ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

हरिहरेश्वराच्या पुढे बागमांडल्याला सावित्री खाडी ओलांडून वेश्वीला उतरले की आपण रत्नागिरी जिल्ह्यात येतो. इथून केळशी, आंजर्ले, हर्णै अशी किनाऱ्याची वाट सुंदर असली तरी गाड्या विरळ आहेत. दोन पर्याय राहतात. एक, वेश्वीहून मंडणगड आणि तिथून दापोली, ही खात्रीची वाट. दोन, फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असाल तर जवळच्या वेळास गावी एक रात्र काढणे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडण्याच्या हंगामात तिथे घरोघरी राहण्या-जेवणाची माफक दरात सोय होते. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. दुसरा पर्याय घेणाऱ्याने तिथली पहाटेची गाडी आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावी.

दापोलीहून हर्णै अर्ध्या-पाऊण तासावर आहे. सुवर्णदुर्गाला जाणाऱ्या होड्या हर्णै बंदरातून ठरतात. माणसे जमण्याची वाट पाहिली तर स्वस्त, एकट्याने ठरवली तर महाग. मी सकाळी बंदरावर जाऊन चहा पितो आणि आणखी कोणी येते का ते पाहतो. तासाभरात कोणी आले नाही, तर कनकदुर्गाच्या टेकाडावरून सुवर्णदुर्ग डोळे भरून पाहतो आणि दुपारनंतरच्या मासळीच्या लिलावाला थांबतो. होडी मिळालीच तर पिण्याचे पाणी सोबत न्यावे आणि उतरताना पाय भिजणार हे गृहीत धरावे. १७५५ मध्ये पेशव्यांच्या साथीने इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि पुढच्याच वर्षी विजयदुर्गही गेला. एकाच प्रवासात हे दोन्ही किल्ले पाहणाऱ्याला आंग्र्यांच्या आरमाराचा शेवट कसा झाला हे वाचण्यापेक्षा लवकर समजते.

दाभोळ-धोपावे, गुहागर, तवसाळ-जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी हा टप्पा दोन दिवसांत आरामात होतो. वाटेत हेदवी आणि वेळणेश्वर लागतात. गणपतीपुळ्याला भक्तनिवासात स्वस्त सोय होते, पण मंगळवार, अंगारकी आणि सुट्ट्या टाळाव्यात. रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याचा राजवाडा आहे. इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला.

रत्नागिरीच्या दक्षिणेला मी किनाऱ्याचा हट्ट सोडतो आणि तोच सल्ला देईन. पावस, पूर्णगड, जैतापूर या वाटेने तुकड्यातुकड्यांनी जाता येते, पण गाड्या बदलण्यात दिवस निघून जातो. त्याऐवजी रत्नागिरीहून कोकण रेल्वेच्या सवारी गाडीने कणकवली गाठावी आणि तिथून एसटीने देवगड. १९९८ मध्ये संपूर्ण सुरू झालेली ही रेल्वे या प्रवासात सर्वांत स्वस्त वाहन आहे. अनारक्षित तिकीट एसटीच्या तुलनेत फारच कमी पडते. तिची अडचण एवढीच की ती समुद्राकाठून जात नाही, डोंगराच्या बाजूने जाते. कुडाळला उतरून मालवणला यायचे तर आणखी तीसेक किलोमीटर एसटीने यावे लागते. म्हणून किनारा पाहण्यासाठी एसटी, आणि किनाऱ्याचा एक तुकडा ओलांडून पुढे जाण्यासाठी किंवा परतण्यासाठी रेल्वे, अशी विभागणी ठेवावी.

देवगडहून विजयदुर्ग एका दिवसात पाहून परत येता येते. विजयदुर्गाला स्वतःचे आगार असल्यामुळे गाड्यांची सोय त्या मानाने बरी आहे आणि किल्ला जमिनीला लागून असल्याने होडीचा खर्चही नाही. तिहेरी तटबंदी नीट फिरायला तीन तास तरी ठेवावेत. नंतर कुणकेश्वर, आचरामार्गे मालवण. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर झाली. मालवणच्या धक्क्यावरून माणशी तिकिटाने होड्या जातात. आत शिवराजेश्वराचे मंदिर, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी काही घरे आहेत. पहिल्या होडीने जावे हा जंजिऱ्याचा नियम इथेही लागू आहे.

खर्चाविषयी थोडे. तिकिटांवर जेवढे जाईल असे वाटते तेवढे जात नाही. पैसा जातो तो मुक्कामावर आणि चुकलेल्या गाडीनंतरच्या रिक्षावर. आपल्यापैकी एक जण महिला असेल तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. सोबत आई-वडील असतील तर ६५ ते ७५ वयाला अर्धे आणि त्यापुढे पूर्ण मोफत प्रवास आहे, फक्त ओळखपत्र जवळ असावे. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास मात्र या प्रवासात मी घेत नाही. आपले रोजचे टप्पे लहान आहेत आणि मधले अंतर बोटीने जाते, त्यामुळे पासाची किंमत वसूल होत नाही. रोज लांबलांबचे टप्पे एसटीने करणाऱ्याला तो परवडतो. मुक्कामासाठी ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ असा फलक शोधावा आणि संध्याकाळच्या जेवणाचे दुपारीच सांगावे. मासळीची थाळी स्वस्त हवी असेल तर सुरमई-पापलेट सोडून बांगडा, मांदेली मागावी. माझ्या मते चवीतही त्यात तोटा नाही. धक्क्यांवर मोबाइलला नेहमी रेंज असतेच असे नाही, म्हणून सुट्टे पैसे बाळगावेत. सामान पाठीवर मावेल एवढेच घ्यावे, कारण भरलेल्या एसटीत आणि डुलणाऱ्या होडीत चाकांची बॅग कोणाच्याच कामाची नसते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तोही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. गणपती, शिमगा, दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना या काळात खोल्यांचे दर चढतात आणि एसटीत उभे राहायलाही जागा नसते. जून ते ऑगस्ट या काळात जलदुर्गांच्या होड्या आणि गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. हा नियम केवळ कागदावरचा नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या बाजूची म्हातारी माणसे अजूनही पावसाळ्यात बोटीचे नाव काढले की तो दिवस सांगतात. पावसात कोणी खासगीत होडी काढून देतो म्हणाला, तरी जाऊ नये.

रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याची कामे सुरू आहेत. ते झाले की एसटीच्या फेऱ्या बदलतील आणि वर सांगितलेला बराचसा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

मालवणला पोहोचूनही दोन दिवस हाताशी राहिले, तर वेंगुर्ल्याहून रेडीमार्गे तेरेखोलला जावे आणि फेरीने पलीकडे केरीला, म्हणजे गोव्यात उतरावे. गोव्यातल्या नदीफेऱ्यांना पायी माणसाला तिकीट नाही. पणजीजवळच्या रायबंदरहून चोडण आणि जुन्या गोव्याहून दिवाडी ही मांडवीतली बेटे दिवसभर फुकट ये-जा करून पाहता येतात. केरीच्या काठावर उतरल्यावर कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहनाची, बस कितीला आहे, हे मात्र तेरेखोललाच विचारून घ्यावे.